एकच पिशवी, पाच वर्ग: बेळगावातल्या प्राथमिक शाळेत फ्रेंच शिकवताना

जुलैचा दुसरा आठवडा होता. बेळगावात सकाळपासून पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. व्हरांड्यात रेनकोट टांगलेले, वर्गात ओल्या मोज्यांचा वास. पाचवीवर गेले, 'बोंझूर' म्हणाले, मुलांनी एका सुरात 'बोंझूर मादाम' म्हटलं. मग मी फळ्यावर नेहमीचं चित्र काढलं. दोन माणसं समोरासमोर उभी आणि एक दुसऱ्याला विचारतोय, 'सा व्हा?', म्हणजे कसं काय? पुढच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता, काळजीच होती. म्हणाली, "टीचर, हे तर आमचा छोटू पण घरी म्हणतो. तो पहिलीत आहे."

त्याच दिवशी पहिल्या पिरियडला तो पहिलीचा वर्ग मी घेतला होता. तिथे फळ्यावरचा 'बोंझूर' वहीत उतरवायला सांगितला, तेव्हा मागच्या ओळीतला एक मुलगा हुंदके देऊन रडायला लागला. त्याला अजून इंग्रजीची सगळी अक्षरं येत नव्हती. कन्नडची मुळाक्षरं गिरवणं चालू होतं. आणि मी त्याच्यापुढे सात अक्षरांचा एक शब्द टाकला होता, ज्यातलं शेवटचं अक्षर घशातून काढायचं असतं.

धडा तोच, दिवस तोच. एका टोकाला मूल रडत होतं आणि दुसऱ्या टोकाला कंटाळलं होतं. पुढच्या आठ महिन्यांत यातून वाट काढताना काय जमलं आणि काय जमलं नाही, ते इथे लिहिते आहे.

शाळा आणि मुलं

शाळा शहरातली, खाजगी, इंग्रजी माध्यमाची. मुलं टिळकवाडी, अनगोळ, वडगाव, येळ्ळूर भागातली, काही व्हॅनने खानापूर रस्त्यावरच्या गावांतून येणारी. निम्म्याहून जास्त घरांत मराठी, त्याखालोखाल कन्नड, थोड्या घरांत कोंकणी, थोड्या घरांत दखनी. कर्नाटकाच्या २०१५ च्या कायद्याने कन्नड पहिलीपासून सक्तीची आहे. इंग्रजी तर माध्यमच. त्यात मराठी किंवा हिंदी येते. म्हणजे तिसरीतलं मूल तीन लिप्या हाताळत असतं: रोमन, कन्नड आणि देवनागरी. दुसऱ्या शहरातल्या शिक्षकांना हे सांगितलं की त्यांना मुलांची दया येते. मला ती येत नाही. ही मुलं मधल्या सुट्टीत एका वाक्यात दोनदा भाषा बदलतात आणि त्यांना ते कळतही नाही. त्यांचं हे भांडवल आहे, आणि पहिले दोन महिने मी त्याला हातच लावला नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात फ्रेंचचं नाव आहे, पण माध्यमिक टप्प्यावर शिकवता येतील अशा परदेशी भाषांच्या यादीत. प्राथमिकला फ्रेंच घेणं हा शाळेचा स्वतःचा निर्णय होता. ठरलेलं पुस्तक नाही, बोर्डाची परीक्षा नाही. प्रत्येक वर्गाला आठवड्याला चाळीस मिनिटांचे दोन पिरियड, आणि पाचही वर्गांना शिक्षिका मी एकटी.

योजना मला तयार मिळाली होती. नवशिक्यांसाठीचं एक पुस्तक घ्यायचं. पहिलीला त्यातला थोडा भाग, दुसरीला त्याहून थोडा जास्त, असं करत पाचवीला सगळं पुस्तक. सुरुवात सगळ्यांची अभिवादनांपासून, कारण फ्रेंचला सगळेच नवे. कागदावर हे पटतं. मलाही पटलं होतं.

चूक कुठे होती

पहिली चूक 'सगळेच नवे' या समजुतीत होती. सहा वर्षांचा नवशिका आणि दहा वर्षांचा नवशिका यांची नवखेपणाची जातच वेगळी. सहाव्या वर्षी मूल ऐकलेला आवाज जसाच्या तसा परत देतं, अर्थ कळला नाही तरी त्याचं काही अडत नाही, पण नियम सांगितला तर तो त्याच्यापर्यंत पोचतच नाही. दहाव्या वर्षी मूल 'असं का?' विचारतं. त्याला उत्तर मिळालं नाही तर ते खिडकीबाहेर बघायला लागतं.

बार्सिलोना विद्यापीठातल्या कार्मेन मुन्योस यांच्या गटाने याच प्रश्नावर अनेक वर्षं काम केलं. तिथलीही मुलं घरीदारी दोन भाषांत, कातालान आणि स्पॅनिशमध्ये, वाढलेली. काहींनी शाळेत आठव्या वर्षी इंग्रजी सुरू केलं, काहींनी अकराव्या. तितकेच तास शिकवून झाल्यावर बहुतेक चाचण्यांत उशिरा सुरू केलेली मुलं पुढे निघाली. 'लहानपणी भाषा आपोआप येते' हे आपण सगळे म्हणतो, आणि भाषा दिवसभर कानावर पडत असेल तिथे ते खरंही आहे. बेळगावच्या गल्लीत मूल कन्नड अशीच उचलतं. पण फ्रेंच आठवड्यातून ऐंशी मिनिटं, तीही एकाच माणसाच्या तोंडून. तिथे आपोआप काही येत नाही. म्हणून पहिलीला शिकवायचंच नाही असं मी म्हणत नाही. पहिलीला जे येतं तेच पहिलीकडून मागायचं, एवढंच माझं म्हणणं आहे.

दुसरी चूक मला जास्त टोचते. मी फ्रेंच इंग्रजीतून शिकवत होते. शाळेचं माध्यम इंग्रजी, म्हणून. 'त्यु' म्हणजे 'यू' आणि 'व्हू' म्हणजेही 'यू', असं पाचवीला सांगून मी दहा मिनिटं फरक समजावत बसले. शेवटी एका मुलाने शेजाऱ्याला हळूच सांगितलं, "अरे, नीनु आणि नीवु." आणि सगळा वर्ग 'हां!' म्हणाला. मराठीत तू आणि तुम्ही, कन्नडात नीनु आणि नीवु. हा भेद या मुलांच्या जिभेवर जन्मापासून आहे, आणि मी तो अशा भाषेतून समजावत होते जिच्याकडे तो उरलेला नाही.

ऑगस्टची पालकसभा

सभेत बहुतेक पालकांचे प्रश्न अपेक्षित होते. वहीत काही लिहिलेलं का दिसत नाही? परीक्षा कधी? सर्टिफिकेट मिळतं का? लहान मुलांसाठी देल्फ प्रिम नावाची परीक्षा असते, साधारण सात ते बारा वयोगटाची. ती मी सांगितली, आणि आमच्या तासांत त्या तयारीची घाई मी करणार नाही हेही सांगितलं.

मग शेवटच्या रांगेतले एक वडील उभे राहिले. त्यांची मुलगी चौथीत. ते स्वतः मराठी शाळेत शिकलेले. ते म्हणाले, "टीचर, राग मानू नका. मी ज्या शाळेत शिकलो तिथं आता पटावर मुलं नाहीत. माझ्या मुलीला मराठीत धड पत्र लिहिता येत नाही. इथं आपण मराठीसाठी सगळा जन्म भांडलो, आणि शाळा फ्रेंच शिकवणार. हे कुणासाठी?"

सभागृहात कुणी काही बोललं नाही. सीमाभागात या वाक्यामागे केवढं काय आहे हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. माझे आजोबा याच प्रश्नावर मोर्च्यात चाललेले. त्या वडिलांना उत्तर द्यायला माझ्याकडे शब्द नव्हते, आणि जे सुचत होते ते पोकळ वाटत होते. मी एवढंच म्हणाले की तुमचा प्रश्न बरोबर आहे, मला विचार करायला वेळ द्या.

त्या रात्री मी दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या: त्या वडिलांचा प्रश्न आणि वर्गातलं ते 'नीनु, नीवु'. मुलांना फ्रेंच त्यांच्याच भाषांतून शिकवली, तर त्यासाठी त्यांना आधी आपापल्या भाषेकडे वळून बघावं लागेल. घरी जाऊन विचारावं लागेल. वडिलांच्या प्रश्नाचं हे पूर्ण उत्तर नव्हे. पण पुढचं सगळं काम तिथून सुरू झालं.

पिशवी

मी एक कापडी पिशवी भरली. त्यात अननसाचं रंगीत चित्र, मूठभर काजू, एक साबण, एक पाव, एक चावी, एक छोटी खेळण्यातली खुर्ची, एक पुस्तक. पाचही वर्गांना तीच पिशवी, फक्त प्रत्येक वर्गाने तिच्याशी वेगळं काहीतरी करायचं.

वस्तू मुद्दाम निवडलेल्या होत्या. अननसाला फ्रेंचमध्ये 'अनाना' म्हणतात, काजूच्या गराला 'न्वा द काझू', साबणाला 'सावों', पावाला 'पॅं'. अननस आणि काजू ही दोन्ही फळं मूळची ब्राझीलकडची. पोर्तुगीजांनी ती गोव्यात आणली, नावंही तिकडचीच आली, आणि घाट चढून ती आपल्याकडे खानापूर-चंदगडच्या काजूच्या बागांपर्यंत पोचली. त्याच फळांची तीच नावं समुद्रापलीकडून फ्रान्समध्येही गेली. परकी म्हणून समोर आलेल्या भाषेत मुलांना ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं. पहिलीतल्या एकीने काजू हातात धरून विचारलं, "फ्रेंच लोक आमच्यासारखं बोलतात?"

पहिली-दुसरीत वही बंद केली. मुख्याध्यापिकांना विनंती करून चाळीस मिनिटांचे दोन पिरियड मोडून वीस मिनिटांचे चार करून घेतले. सगळ्या बदलांत सर्वांत जास्त फरक कशाने पडला असं कुणी विचारलं, तर मी वेळापत्रकातल्या या बदलाकडे बोट दाखवीन. सहा वर्षांच्या मुलाचे कान विसाव्या मिनिटाला बंद होतात, आणि आठवड्यातून चार दिवस भेटलेला शब्द दोन दिवस भेटलेल्या शब्दापेक्षा जास्त टिकतो.

या वर्गांत मी जेम्स ॲशर यांची पद्धत धरली. शिक्षकाने आज्ञा द्यायची, मुलाने अंगाने उत्तर द्यायचं, बोलायची सक्ती नाही. 'दबू' म्हटलं की उभं राहायचं, 'आसी' म्हटलं की बसायचं, 'सोत' म्हटलं की उडी. मग 'साबणाला हात लाव', 'चावी मित्राला दे'. जुलैत रडलेला मुलगा दोन आठवडे एक शब्द बोलला नाही, पण एकही आज्ञा चुकला नाही. तिसऱ्या आठवड्यात माझ्या जागी उभा राहून तोच सगळ्या वर्गाला 'दबू! आसी!' करायला लागला.

उच्चारांचं काम याच वयात होतं. फ्रेंचमधला एक 'यू' आपल्याकडे नाही. त्यासाठी ओठ वाढदिवसाची मेणबत्ती विझवायचे आणि जीभ 'ई' म्हणायची. दुसरीतल्या मुलांनी तो एका तासात काढला. पाचवीला महिना लागला, आणि काहींना अजूनही येत नाही. नाकातून निघणाऱ्या स्वरांना कोंकणी घरातली मुलं पुढे आली. घरात 'हांव' म्हणणाऱ्या मुलाला 'पॅं' शिकवावं लागत नाही. प्रमाण मराठीतून हे नाकातले स्वर गेले. आजोबांच्या ट्रंकेतल्या पुस्तकांत 'कांहीं', 'नाहीं', 'तेथें' असं छापलेलं मी लहानपणी वाचलंय. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी ते न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले. ती पुस्तकं मी पाचवीला नेऊन दाखवली, तेव्हा मुलांनी प्रत्येक टिंब नाकातून म्हणून पाहिलं.

तिसरी: तो, ती, ते

तिसरीत पिशवीतल्या वस्तूंची वाटणी केली. फ्रेंचमध्ये लिंगं दोनच. 'ल' लागतो तो पुल्लिंगी, 'ला' लागतो तो स्त्रीलिंगी. निळी टोपली आणि लाल टोपली. मराठी घरातल्या मुलांना निर्जीव वस्तूला लिंग असतं याचं आश्चर्य वाटत नाही. ती खुर्ची आणि 'ला शेझ' दोन्ही लाल टोपलीत. ती चावी आणि 'ला क्ले' तशाच. तो पाव आणि 'ल पॅं' निळ्या टोपलीत. मुलांना वाटलं, हे सोपं आहे. मग ते पुस्तक आलं. ते निळ्या टोपलीत गेलं आणि मुलं थबकली. मग ते घर, तर 'ला मेझों' लाल. आणि चंद्र! तो चंद्र फ्रेंचमध्ये 'ला ल्यून', बाई. चांदोबा मामा नसून मावशी आहे हे कळल्यावर वर्गात जो गोंधळ झाला तो शेजारच्या वर्गापर्यंत गेला. चांदोबा मावशी ही त्यानंतर कुणीही विसरलं नाही.

पण इथेच मी एक नवी चूक केली. दोन आठवड्यांनी लक्षात आलं की टोपल्यांच्या खेळात हात वर करणारी सगळी मुलं मराठी घरातली होती. कन्नडात माणसाला 'अवनु' आणि 'अवळु', बाकी सगळ्याला 'अदु'. खुर्चीही अदु, चंद्रही सहज अदु. घरी कन्नड बोलणाऱ्या मुलीला खुर्ची 'ती' का, हा प्रश्न मराठीतच पडलेला असतो. मराठीचा आधार घेऊन मी तिला फ्रेंचमध्येही मागच्या बाकावर बसवलं होतं. या गावात असं होणं बरं नाही. मग जोड्या लावल्या, एक मराठी घरातलं आणि एक कन्नड घरातलं मूल. मराठीवालं मूल अंदाज सांगणार, कन्नडवालं टोपली बघून खरं-खोटं ठरवणार. मराठीचा अंदाज चुकत असल्याने न्यायाधीशाला भरपूर काम मिळालं. तरीही या घटकात कन्नड घरातली मुलं वर्षअखेर थोडी मागेच राहिली. ते मला पूर्ण सोडवता आलं नाही.

चौथी: चार विसा

या वर्गाबद्दल सविस्तर लिहिते, कारण मला सर्वांत जास्त शिकवलं ते चौथीने.

विषय आकड्यांचा होता. पिशवीतल्या वस्तूंना किमती लावून बाजार मांडायचा होता. वीसपर्यंत पाठांतर. वीसनंतर फ्रेंचमध्ये दशक आधी आणि एकक नंतर: वीस आणि एक. मराठीत उलट: एक-वीस. मराठी घरातली मुलं सतत अडखळायला लागली, पस्तीसच्या जागी त्रेपन्न सांगायला लागली. आणि कन्नड घरातली मुलं सुसाट. कन्नडात 'इप्पत्तोंदु', म्हणजे वीस-एकच. शिवाय मराठीत एकोणतीस, एकोणचाळीस असं पुढच्या दशकातून एक वजा करून यावं लागतं. कन्नडात नाही, फ्रेंचमध्ये नाही. एकवीसपासून एकोणसत्तरपर्यंत माझा वर्ग कन्नड घरातल्या मुलांनी चालवला. तिसरीतल्या त्या गोष्टीनंतर मला याचा फार आनंद झाला.

मग सत्तर आले. फ्रान्सच्या फ्रेंचमध्ये सत्तरला स्वतंत्र शब्द नाही. 'स्वासांत-दीस', साठ-दहा. एकाहत्तर म्हणजे साठ आणि अकरा. ऐंशी म्हणजे 'कात्र-व्हॅं', चार-वीस. नव्वद म्हणजे चार-वीस-दहा. आता सगळाच वर्ग अडला. कन्नडात एप्पत्तु, एंबत्तु, तोंबत्तु असे सरळ शब्द आहेत, मराठीतही सत्तर, ऐंशी, नव्वद. मी फळ्यावर गुणाकार लिहीत होते, चार गुणिले वीस. मुलं बघत होती आणि कळल्याची खूण कुठेच नव्हती.

व्हॅनने येणारा एक मुलगा, एरवी वर्गात फारसा न बोलणारा, जागेवरूनच म्हणाला, "आमची आजी असंच मोजते की."

"कसं मोजते?"

"गोवऱ्या मोजताना. एक वीस, दोन वीस, तीन विसा, चार विसा. चार विसा झाल्या म्हणजे ऐंशी. मग वर दहा असल्या की चार विसा नि दहा."

मी हातातला खडू खाली ठेवला. इतकी वर्षं फ्रेंच शिकले, शिकवली. लहानपणी माझ्याही आजीच्या तोंडून 'तीन विसा' ऐकलेलं. आणि या दोन गोष्टी माझ्या डोक्यात कधी एकमेकींना भेटल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी मी चिंचोके नेले. मुलं जमिनीवर बसली. वीस-वीसचे ढीग. चार ढीग म्हणजे कात्र-व्हॅं, चार विसा. त्यावर एक चिंचोका, चार विसा एक. एकाऐवजी अकरा, चार विसा अकरा, म्हणजे एक्क्याण्णव. नव्व्याण्णव करायला चार ढिगांशेजारी दहा आणि नऊ मांडले. आता कुणाला गुणाकार लागत नव्हता. त्या मुलाला इतरांनी विचारायला सुरुवात केली, "आजी शंभरला काय म्हणते?" तो म्हणाला, "पाच विसा." मी म्हटलं, इथे मात्र फ्रेंच लोक आजीला सोडून जातात. शंभरला त्यांच्याकडे वेगळा शब्द आहे, 'सां'.

एकीने विचारलं, मग सत्तरला ते 'तीन विसा दहा' का म्हणत नाहीत? प्रश्न अगदी नेमका होता. जुन्या फ्रेंचमध्ये विसांनी मोजणं पुढेपर्यंत चालायचं. पॅरिसमध्ये डोळ्यांचं एक जुनं हॉस्पिटल आहे, तेराव्या शतकात नवव्या लुई राजाने तीनशे अंधांसाठी स्थापन केलेलं. त्याचं नाव आजही 'कॅंझ-व्हॅं' आहे, म्हणजे पंधरा विसा. पंधरा विसा तीनशे. मुलांनी चिंचोके मोजून ते ताडून पाहायचं ठरवलं, पण चिंचोके तेवढे नव्हते. आणि बेल्जियम, स्वित्झर्लंडच्या फ्रेंचमध्ये सत्तर आणि नव्वदला सरळ स्वतंत्र शब्द आहेत हे सांगितल्यावर अर्ध्या वर्गाने बेल्जियमची बाजू घेतली आणि अर्ध्या वर्गाने आजीची.

त्या दिवशी गृहपाठ दिला: घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाला विचारून या, ते लहान असताना वस्तू कशा मोजायचे. मराठी, कन्नड, कोंकणी, दखनी, कुठल्याही भाषेत.

पाचवी, आणि जे जमलं नाही

पाचवीला मी 'असं का?' हाच अभ्यासक्रम दिला. पहिल्या दिवशी फळ्यावर फ्रेंचमधला पक्षी लिहिला. सहा अक्षरं, त्यात ए, ई, आय, ओ, यू हे पाचही स्वर आणि एकच व्यंजन, एस. उच्चार 'वाझो'. एकही अक्षर आपल्या नावासारखं वाजत नाही. मुलांना हे आव्हान वाटलं. दर तासाला ती गप्प बसणाऱ्या अक्षरांची यादी वाढवत गेली. मांजर 'शा', शेवटचा टी गप्प. मग पुढे स्वर आला की गप्प बसलेलं अक्षर जागं होतं: मित्र 'आमी', पण 'ते मित्र' म्हणताना 'लेझामी', मध्ये झ कुठून आला? हे शोधायला त्यांना दोन तास लागले आणि उत्तर त्यांनीच काढलं. जुलैत उभी राहिलेली मुलगी या यादीची प्रमुख होती.

'त्यु' आणि 'व्हू'चं नाटक बसवताना एक गोष्ट मुलांना मान्यच झाली नाही. फ्रान्समध्ये बहुतेक घरांत मुलं आई-वडिलांना आणि आजी-आजोबांनाही 'त्यु'च म्हणतात. आईला तू ठीक. आजीलाही तू. पण आजोबांना? एकाने ठामपणे सांगितलं की तो फ्रान्सला गेला तरी आजोबांना 'व्हू'च म्हणणार. मी त्याला तसंच लिहू दिलं.

लिहिण्यात पाचवी कच्ची राहिली. जूनमध्ये मीच त्यांना उच्चार देवनागरीत लिहून घ्यायला सांगितलं होतं, लवकर जमावं म्हणून. ती सवय मार्चपर्यंत सुटली नाही. काही मुलं अजूनही आधी देवनागरीत लिहितात, मग अंदाजाने रोमन अक्षरं लावतात. देवनागरी तोंडी समजावण्यासाठी वापरावी, वहीत उतरू देऊ नये, हे मला सप्टेंबरऐवजी जूनमध्ये कळायला हवं होतं.

डिसेंबरात स्नेहसंमेलनासाठी पहिलीच्या मुलांनी फ्रेंच गाणं म्हणावं अशी व्यवस्थापनाची इच्छा होती. तीन आठवडे माझे सगळे पिरियड तालमीत गेले. गाणं सुरेख झालं, टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी मी मुलांना विचारलं, गाणं कशाबद्दल होतं? एकालाही सांगता आलं नाही. त्याआधी पाठ असलेले 'दबू', 'आसी'सुद्धा सैल झाले होते. मला याचं फार वाईट वाटलं, आणि मी ते मुख्याध्यापिकांना तसंच सांगितलं. पुढच्या वर्षी गाण्याऐवजी पिशवीचा खेळच स्टेजवर करू, असं त्या म्हणाल्या आहेत.

मूल्यमापनाला प्रत्येक मुलाचं एक कार्ड केलं होतं. कानाने ओळखतो, विचारल्यावर बोलतो, आपणहून बोलतो, वाचतो, लिहितो. पहिली-दुसरीला फक्त पहिले दोन रकाने. पालकांना मार्क हवे होते आणि काहींची नाराजी शेवटपर्यंत गेली नाही. पण पहिलीच्या कार्डावर 'लिहितो' हा रकाना छापायला मी तयार झाले नाही, आणि पुढेही होणार नाही.

डायरीतलं पान

मोजण्याच्या गृहपाठाला चौथीतून बरंच काही आलं. सर्वांत मोठं पान आलं ते पालकसभेत प्रश्न विचारणाऱ्या त्या वडिलांच्या मुलीकडून. मुलीनेच लिहिलेलं होतं, मराठीत, आजीने सांगितलेलं, आणि शुद्धलेखन वडिलांनी लाल पेनने तपासलेलं. विसा होत्याच. खाली पाढ्यांची यादी होती जी आता कुणी पाठ करत नाही: पावकी, निमकी, पाऊणकी, सवाईकी, दिडकी. आणि अगदी शेवटी वडिलांच्या अक्षरात एक ओळ: "टीचर, दीड आणि अडीचला फ्रेंचमध्ये शब्द आहेत का? मुलगी विचारते आहे."

मी ते पान वर्गात वाचून दाखवलं. दीडला फ्रेंचमध्ये एक शब्द नाही, 'एक आणि अर्धा' म्हणावं लागतं. सव्वाही नाही, अडीचही नाही. मुलांना हे खरंच वाटेना. दीड वाजता जेवायला ये असं ते कसं सांगतात? 'एक वाजून अर्धा', मी म्हटलं. मग मी पुठ्ठ्याचं घड्याळ काढलं आणि काटे पावणेदोनवर लावले. याला फ्रेंचमध्ये 'द झर म्वॅं ल कार' म्हणतात, शब्दशः, दोन वाजले, पाव कमी.

पहिल्या बाकावर ते पान आणणारी मुलगी बसली होती. तिने ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं, "पावणे. पाव उणे." मग मोठ्याने म्हणाली, "टीचर, पावणे म्हणजे पाव उणे?"

तिला ते माहीत नव्हतं. वर्गात कुणालाच नव्हतं. मी घड्याळ तिच्या हातात दिलं आणि काटे पावणेतीनवर न्यायला सांगितलं.